माझं बजेट कांदा स्वस्त झाल्यावर कोलमडतं: मराठी संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे आणि दैनिकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी चांदवड तालुक्यातली शेतकरी बाई. घरचं अडीच एकर उन्हाळ कांद्याचं वावर, पलीकडे थोडा मका, दोन गायी. लग्नाआधी बी.ए. झाले होते, त्यामुळे घरचा जमाखर्च माझ्या वहीत आला तो कायमचा. संध्याकाळी भाकरी टाकताना टीव्ही चालू असतो आणि दुपारी शेजारचा पेपर वाचायला मिळतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर मी 'गृहिणी'. तीच, जिचं बजेट कांदा पन्नाशीला गेला की कोलमडतं.

बजेट कोलमडतं हे खरं आहे. पण माझं कोलमडतं ते कांदा दहा रुपयांच्या खाली आला की. अशी गृहिणी तुमच्या पडद्यावर मला आजवर दिसली नाही. गेल्या एप्रिलमध्ये मात्र मी स्वतःच पडद्यावर दिसले. सात सेकंद. त्या सात सेकंदांमुळे हे पत्र लिहायला बसले आहे.

झालं असं. केंद्र सरकारने कांद्यावरचं उरलेलं २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकलं. तुमच्याकडे आठ दिवस 'कांदा उत्पादकांना मोठा दिलासा' अशी पट्टी फिरत होती. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या ह्यांचं गुडघ्याचं दुखणं उसळलं, म्हणून मुलाबरोबर पिकअपमध्ये बसून मीच लासलगावला गेले. बाजार समितीच्या आवारात बाईमाणूस तसं कमीच. एका वाहिनीची गाडी तिथे उभी होती. वाहिनीचं नाव लिहीत नाही, कारण ही खोड एकट्या तिची नाही. माईक पुढे आला. "ताई, शुल्क हटलं, आनंद झाला का?"

मी चार मिनिटं बोलले. मुलाने मोबाइलवर बाजूने शूटिंग केलं होतं, म्हणून वेळ नेमका माहीत आहे. मी म्हटलं, शुल्क काढलं ते बरंच झालं, पण ते लावलं होतं तेव्हा आमच्या दोन उन्हाळ्यांचा कांदा मातीमोल गेला, त्याचं काय? म्हटलं, सगळ्यांचा कांदा एकदमच बाजारात येतो आहे, भाव वर जायच्या ऐवजी उतरतोय. तेवढ्यात माईकवाल्या वार्ताहराने विचारलं, लाडकी बहीणचे पैसे येतात का? मी म्हटलं, "हो, येतात. महिन्याला येतात. पण भाव क्विंटलमागे शंभर रुपयांनी उतरला की आमचे चोवीस हजार जातात, आणि तो हप्ता वर्षभराचा धरला तरी अठराच होतो."

रात्री तुम्ही दाखवलंत: "हो, येतात. महिन्याला येतात." खाली पट्टी होती, कांदा पट्ट्यातल्या लाडक्या बहिणी समाधानी.

दुसऱ्या दिवशी गावात लोक हसले. "काय मग, समाधानी का?" जाऊबाईंनी तर आठवडाभर मला त्याच नावाने हाक मारली. हसण्याचं मी मनावर घेतलं नाही. पण माझं वाक्य जिथे 'पण'वर आलं, तिथेच कात्री लागली, ते मात्र विसरता येत नाही. गावाकडची माणसं 'पण'च्या अलीकडे पाहुण्याशी बोलतात आणि पलीकडे खरं बोलतात, हे तुम्हांला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

आता हिशेबच मांडते, म्हणजे माझं रडगाणं वाटायला नको. यंदा अडीच एकरांत आम्हांला २४० क्विंटल कांदा निघाला. त्या दिवशी पिकअपमध्ये २२ क्विंटल होता. आमच्या पुढच्या ट्रॅक्टरला क्विंटलला १,६०० पुकारले, आम्हांला १,१५०, मागे एकाची गोल्टी, म्हणजे बारका कांदा, होती ती ६०० वर गेली. आमचे झाले २५,३००. गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात २३,८०० आले. यातून उळ्याचं म्हणजे रोपांचं बियाणं, लागवडीची मजुरी, खत, चार फवारण्या, खांडणीची म्हणजे पात कापायची मजुरी, कांदा साठवायच्या चाळीची डागडुजी हे सगळं फेडायचं असतं. आणि चाळीत ठेवलेला कांदा काही सोनं नाही. पाच महिन्यांत त्याचं वजन घटतं, काजळी धरते, खालचा थर सडतो, वरच्याला कोंब येतात. एप्रिलमध्ये भरलेल्या दहा क्विंटलचे दिवाळीपर्यंत साडेसहा-सात राहिले तरी आम्ही देवाचे आभार मानतो.

त्या रात्रीच्या बातमीत लासलगावचा भाव किती सांगितलात? १,६००. म्हणजे पुढच्या ट्रॅक्टरचा. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव जाहीर करते, सोबत आवक किती तेही सांगते. तुम्ही उचलता तो कमाल. मग नगरहून भावजयीचा फोन येतो, "वन्सं, चांगले पैसे झाले म्हणायचे यंदा!" आणि गावच्या विकास सोसायटीचा सचिव कर्जवसुलीला येतो तेव्हा त्यालाही तोच आकडा पाठ असतो. मुहूर्ताच्या कांद्याचं तर विचारूच नका. हंगामाच्या पहिल्या दिवशी पहिल्या बैलगाडीला हौसेने दिलेला भाव तुम्ही असा दाखवता, जणू उद्यापासून सगळ्यांना तेवढाच मिळणार आहे.

दुसरी बाजूही सांगते. पाच माणसांच्या घराला महिन्याला सहा किलो कांदा लागतो. तो वीसचा पन्नास झाला तर महिन्याला १८० रुपये जास्त जातात. एका मोबाइलच्या रिचार्जलाही यापेक्षा जास्त लागतात. शहरातल्या हातावर पोट असलेल्या बाईला ते १८० रुपयेही जड आहेत, हे मी नाकारत नाही. मी स्वतः तेल, गॅस आणि डाळ विकतच घेते. पण रिचार्ज वाढला तेव्हा 'गृहिणी हवालदिल' अशी पट्टी मला किती दिवस दिसली? आणि शाळेची फी वाढते तेव्हा? कांद्यावर मात्र तुमचं विशेष प्रेम. त्यावर यमक जुळतं: कांदा, वांदा. 'रडवणार' हा शब्दही फुकटात मिळतो.

भाव पडतो तेव्हा मात्र तुम्हांला बातमी दिसायला तमाशा लागतो. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले, तेव्हा तुम्ही आलात. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून दोन रुपयांचा चेक मिळाला, तेव्हाही आलात. त्या चेकचा फोटो देशभर फिरला. पण त्याच आठवड्यात ज्यांच्या हातात दोनच्या ऐवजी दोनशे किंवा दोन हजार रुपये पडले आणि जे घरी जाऊन गप्प बसले, त्यांची बातमी झाली नाही. आम्ही काय दरवेळी चेक फ्रेम करून घ्यावा?

८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, त्या दिवसाचं उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, आणि एवढं करून भागलं नाही म्हणून डिसेंबरात सरळ बंदी. आठवडाभरात आमच्या लाल कांद्याचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. तीन दिवसांनी शरद पवारही तिथे रस्त्यावर येऊन बसले. तुमच्या कॅमेऱ्याने काय टिपलं? 'वाहनांच्या लांबच लांब रांगा, प्रवाशांचे हाल.' हाल झाले, मान्य. माझी चुलत नणंद त्याच रांगेत लेकराला घेऊन पाच तास बसली होती. पण तिने घरी आल्यावर जे विचारलं, ते तुमच्या एकाही वार्ताहराने विचारलं नाही: बंदी कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि परदेशातलं गिऱ्हाईक तोपर्यंत थांबेल का? गिऱ्हाईक थांबत नसतं. आपला कांदा मिळेना की श्रीलंका, मलेशिया, दुबई पाकिस्तानातून आणि चीनमधून माल उचलतात आणि तिथली घडी एकदा बसली की ती मोडायला वर्षं लागतात. बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तुमच्याकडे तेव्हाही 'दिलासा' होता. दर वेळी सरकारने गळ्यावरचा हात थोडा सैल केला की तुमच्या शब्दकोशात त्याला दिलासाच म्हणतात.

इथवर कांद्याचं झालं. पण माझं म्हणणं फक्त कांद्याचं नाही. तुम्ही आमचं मत ज्या पद्धतीने विचारता आणि मग ते आमच्याच नावावर खपवता, त्याचं आहे.

आमच्या घरात चार मतं आहेत. गेल्या दोन निवडणुकांत ती चारही एकाच चिन्हावर कधी पडली नाहीत. लोकसभेला हे कांद्यावर ठाम होते. १५ मे २०२४ ला पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधानांचं भाषण चालू असताना एका पोराने 'कांद्यावर बोला' असा आवाज दिला होता, त्याच्या मागच्याच बाजूला हे उभे होते. मुलाचं मत नोकरीवर. पोलीस भरतीसाठी तो पहाटे महामार्गाच्या कडेने पळतो. सासूबाईंना राम मंदिराचं अप्रूप, आणि एसटीच्या अर्ध्या तिकिटाचंही. मी वहीकडे बघून ठरवते. यांतलं कोणतं मत 'कांदा उत्पादकांचा कौल' आणि कोणतं नाही?

दिंडोरीत त्या वेळी आणखी एक गंमत झाली, जिच्यावर हसावं की रडावं कळत नाही. शरद पवारांच्या पक्षाचे उमेदवार भास्कर भगरे सर, त्यांचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. आणखी एक अपक्ष भगरे उभे होते, त्यांचं चिन्ह नुसती तुतारी. त्या अपक्षाला लाखाहून जास्त मतं पडली. सासूबाईंनी नेमकी कोणती तुतारी दाबली हे त्यांनाही आठवत नाही. त्या आठवड्यात तुमच्याकडे हेलिकॉप्टरमधल्या बॅगा होत्या, कोण कुणाला गद्दार म्हणालं ते होतं. मतपत्रिकेवर दोन तुताऱ्या आहेत, नीट बघून दाबा, एवढी एक चौकट आम्हांला शंभर मुलाखतींपेक्षा उपयोगी पडली असती. मतमोजणीनंतर मात्र 'तुतारीने केला घोळ' हे सगळ्यांनी छापलं.

१ जूनला संध्याकाळी तुमचे एक्झिट पोल आले. देशात भाजपच्या आघाडीला, म्हणजे रालोआला, साडेतीनशे ते चारशे जागा. ४ जूनला रालोआ २९३ वर थांबली, महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या. दिंडोरी आणि नाशिक, दोन्हींकडे खासदार बदलले. मग सत्तेतल्या नेत्यांनीच जाहीरपणे सांगितलं की आम्हांला कांदा नडला. तुम्ही लगेच मान डोलावलीत. सहा महिन्यांत, २३ नोव्हेंबरला, निकाल उलटा लागला. राज्यात महायुती २३० च्या पुढे, नाशिक जिल्ह्यात पंधरापैकी चौदा. आता तुमच्या चर्चेत सूर लागला की शेतकरी कांदा विसरले, बायका पंधराशेला भुलल्या. माझ्या घरासारखी घरं तीच, माणसं तीच. जूनमध्ये आम्ही 'सुजाण मतदार' होतो, नोव्हेंबरमध्ये 'लाभार्थी' झालो. मधल्या काळात आमच्या गावात कुणी येऊन काही विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? शेजारची एक बाई आहे, नवरा दारूपायी गेला, दोन मुली. तिच्या नावाच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा पैसे आले ते जुलै २०२४ नंतर. तिने त्यातून शिवणयंत्राचा हप्ता भरला. तिने मत कुणाला दिलं असेल ते सांगायला नको, आणि तिला 'भुलली' म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे मी बघणारही नाही. तीच बाई कांद्याच्या खांडणीला आमच्याकडे येते. भाव पडला की तिची मजुरी आम्ही थकवतो, हेही तिला माहीत आहे. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात एकाच वेळी असतात. आणि एक विनोद ऐका. नमो शेतकरी आणि पीएम किसानचे पैसे मिळणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे महिन्याला फक्त पाचशे मिळतात. मला पूर्ण पंधराशे येतात, कारण सातबाऱ्यावर माझं नाव नाही. पंचवीस वर्षं या वावरात राबले, पण जमिनीची मालकीण नाही म्हणून मला हजार रुपये जास्त. यावर एक तास चर्चा ठेवा ना. मी येते स्टुडिओत, माझ्या खर्चाने.

विश्वासाबद्दल आता थोडं कडू बोलावं लागेल. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी युद्धाचे दिवस होते. आमच्या गल्लीतला एक मुलगा सीमेवर आहे. ८ मेच्या रात्री त्याची आई आमच्याकडेच बसली होती, कारण त्यांच्या घरी टीव्हीचं कनेक्शन तुटलं होतं. हिंदी वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झालं, अमुक शहर घेतलं, सायरन वाजताहेत. मराठीत बदलून पाहिलं तर तेच, फक्त आवाज आणखी चढा. रात्रभर ती माउली जागी. सकाळी कळलं की त्यातलं बरंचसं खोटं होतं. एखाद्या निवेदकाने माफी मागितली असेल, पण बाकीच्यांनी काल रात्री काही बोललोच नव्हतो अशा थाटात सकाळचं राशिभविष्य सुरू केलं. त्या बाईने त्यानंतर बातम्या बघणं सोडलं. मुलाचा फोन आला तर तीच खरी बातमी, असं ती म्हणते. माझ्याकडे याला उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर तिला द्या.

याच महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस लागला. उन्हाळ कांदा अजून बऱ्याच जणांचा वावरात ताडपत्रीखाली होता, चाळी भरायच्या राहिल्या होत्या. २६ मेला मुंबईत वरळीच्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. ते दृश्य तुम्ही दिवसभर दाखवलंत. दाखवायलाच हवं होतं, नवं कोरं स्थानक, सरकारी पैसा. पण आमच्या शिवारात भिजलेल्या कांद्याचा वास दोन फर्लांगांवरून येत होता, त्याची पट्टीही निघाली नाही. पट्टी निघाली ती कृषिमंत्री पंचनाम्यांबद्दल काहीतरी बोलून बसले तेव्हा. मग दोन दिवस फक्त ते काय बोलले, विरोधक काय बोलले, ते पुन्हा काय बोलले. प्रत्यक्ष पंचनामा कसा होतो, तलाठी येतो का, काढून ठेवलेल्या पिकाला भरपाईचा नियम काय, एक रुपयातला पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद केल्यावर आता किती भरायचे, हे विचारायला तुमच्यापैकी कुणी वावरात उतरलं नाही. चिखल होता, हेही खरं.

तालुक्याच्या वार्ताहराला मी दोष देत नाही. आमच्याकडे येणारा मुलगा सज्जन आहे, लिहितोही बरं. पण त्याला पगार नाही. बातमीमागे मिळतं ते पेट्रोललाही पुरत नाही. त्याची खरी मिळकत १५ ऑगस्टच्या, दिवाळीच्या आणि साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीतल्या जाहिरातींच्या कमिशनवर. मग ज्या साहेबांच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात त्याने आणायची, त्याच साहेबांच्या रस्त्यावरच्या खड्ड्याची बातमी त्याने कशी द्यायची? त्याने एकदा मला सरळ सांगितलं, "वहिनी, ती बातमी तुम्हीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका." २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तीन वेगवेगळ्या दैनिकांत एका नेत्याच्या कौतुकाचा मजकूर शब्दन् शब्द सारखा छापून आला होता. त्या पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने अहवाल लिहिला आणि कौन्सिलने तो पूर्ण बाहेर येऊ दिला नाही, तोही २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर आला. तेव्हा निदान पैसे घेऊन छापण्याला गुन्हा तरी म्हणत होते. आता 'विशेष उपक्रम' म्हणतात.

आणि तुम्ही सोडलेली जागा रिकामी राहिलेली नाही. आज भाव बघायला आमचा मुलगा टीव्ही लावत नाही. बाजार समितीचा मेसेज, दोन आडत्यांचे ग्रुप, सोलापूरचा मावसभाऊ, मध्य प्रदेशात माल कसा आहे ते सांगणारा एक ट्रकवाला आणि यूट्यूबवरची दोन पोरं, यांवर आमचा चाळ फोडायचा निर्णय होतो. त्यातही अफवा असतात. 'परवा बंदी लागतेय' असा एक मेसेज आला की शंभर ट्रॅक्टर एकदम मार्केटला धावतात आणि भाव आपोआप पडतो. अशा वेळी खात्रीने सांगणारं कुणीतरी लागतं. ते काम तुमचं होतं. दरवर्षी ६ जानेवारीला तुम्ही 'दर्पण'ची आणि बाळशास्त्री जांभेकरांची आठवण काढता. १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यात बसून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' हे पत्र चालवलं, ते ना कुणाच्या वाढदिवसावर चाललं ना ड्रोनच्या दृश्यांवर. त्या दिवशी त्यांचीही आठवण काढलीत तर बरं.

आता मागण्या. फार नाहीत.

कांद्याच्या भावाची बातमी देताना किमान, कमाल, सरासरी हे तिन्ही भाव आणि त्या दिवसाची आवक द्या. एका ओळीत बसतं. भाव चढल्यावर जिथे आणि जेवढी बातमी देता, तिथेच आणि तेवढीच तो पडल्यावर द्या, चेक दोन रुपयांचा नसला तरी.

लोकांची मतं दाखवलीत तर किती जणांशी बोललात, कोणत्या गावात, कोणत्या वारी, हे पडद्यावर लिहा. बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभ्या असलेल्या दहा पुरुषांना जिल्ह्याचा कौल म्हणू नका. बाईला फक्त योजनेबद्दल आणि पुरुषाला फक्त राजकारणाबद्दल विचारणं थांबवा. आणि वेळेअभावी कापलंत तर पूर्ण मुलाखत तुमच्या यूट्यूबवर ठेवा, तिथे तर जागेची अडचण नाही.

मतदारांचा अंदाज दाखवणाऱ्या प्रत्येक पाहणीसोबत ती कुणी केली, पैसे कुणी दिले, किती माणसांना आणि कसं विचारलं, हे सांगा. अंदाज चुकला तर ज्या निवेदकाने ज्या आवाजात तो सांगितला, त्याच निवेदकाने त्याच आवाजात चूक सांगावी. खोटी बातमी रात्री नऊला दिलीत तर दुरुस्तीही रात्री नऊला द्या. पहाटे पाच वाजता आम्ही गायीखाली बसलेलो असतो.

तालुक्याच्या वार्ताहराला पगार द्या आणि जाहिरातीचं उद्दिष्ट त्याच्या मानेवरून काढा. निदान पैसे घेऊन छापलेल्या पानावर 'जाहिरात' हा शब्द चष्मा न लावता वाचता येईल एवढा मोठा टाका.

शेवटची मागणी तातडीची आहे. आमच्या जिल्हा परिषदेवर २०२२ मध्ये प्रशासक बसला. म्हणजे तीन वर्षं रस्त्याचं, शाळेच्या छताचं, पाणीयोजनेचं गाऱ्हाणं घेऊन जायला निवडून दिलेला माणूस नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला या निवडणुका चार महिन्यांत उरका असं सांगितलं. तेव्हा तुमच्या गाड्या पुन्हा येतील. या वेळी 'हवा कुणाची' एवढाच प्रश्न घेऊन येऊ नका. तीन वर्षांत आमच्या गटाला, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला, किती निधी आला, तो कुठे गेला, हे आधी प्रशासकाला विचारा, कागद घ्या आणि मग आमच्याकडे या. मग आमच्या उत्तरातही काही अर्थ असेल.

एप्रिलमधली माझी चार मिनिटं त्या वाहिनीकडे अजून असतील तर ती पूर्ण दाखवावीत, ही विनंती. नसतील तर मुलाच्या मोबाइलमध्ये आहेत. जाऊबाईंना मी ती दोनदा दाखवली, आता त्या मला 'समाधानी' म्हणत नाहीत.

यायचं झालं तर सकाळी नऊच्या आत लासलगावला या. रांगेत उभं राहून गाड्या मोजता येतील आणि पुकारलेला भाव स्वतःच्या कानांनी ऐकता येईल. नंतर चाळ दाखवायला मी घरी नेईन. सध्या खालचा थर काढायचं काम चालू आहे, वास येईल. रविवारी येऊ नका, लिलाव बंद असतात.

आपली,
कांदा पिकवणारी एक गृहिणी
तालुका चांदवड, जिल्हा नाशिक
जून २०२५